हिमगाडीची खरवडणी

बर्फाच्या देशात एखादे यंत्र उष्णतेने जेरीस येते, असे कोणी सांगितले तर आपल्याकडचा माणूस हसेल. वैशाखात घाट चढताना मोटारीच्या तोंडातून वाफा निघतात, हे आपण पाहिलेले असते. परंतु पारा शून्याखाली वीस अंश उतरला आहे, चहूकडे पांढरेशुभ्र मैदान पसरले आहे, आणि तरीही यंत्र तापून बंद पडते, ही गोष्ट सहजासहजी पटत नाही. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात स्नोमोबाईल चालविणाऱ्यांना मात्र हा अनुभव नित्याचा आहे. या स्नोमोबाईलला आम्ही येथे हिमगाडी म्हणू. पुढे दिशा देणाऱ्या दोन पट्ट्या, मागे रबराचा रुंद फिरता पट्टा आणि त्यावर मोटारसायकलीसारखी बैठक, असे तिचे रूप. ती तापू नये म्हणून लोकांनी घरच्या घरी जी एक क्षुल्लक वस्तू बनविली, तिची हकिगत सांगण्याचा आमचा विचार आहे. परंतु ती वस्तू समजण्यासाठी आधी गाडीचा इतिहास पाहिला पाहिजे.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात व्हॅलकूर नावाचे गाव आहे. तेथे 1907 साली जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिएचा जन्म झाला. यंत्रांचे वेड त्याला लहानपणापासूनच. 1922 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने फोर्ड मोटारीचे जुने इंजिन एका घसरगाडीवर बसविले, मागे विमानासारखा पंखा लावला आणि ती बर्फावर पळवून दाखविली. त्या काळी हिवाळा आला की तिकडची खेडी जगापासून तुटत. रस्ते बर्फाखाली गडप होत, मोटारी कोठारात जात, आणि प्रवासासाठी उरत ते घोडे आणि घसरगाड्या. 1934 च्या हिवाळ्यात बॉम्बार्डिएचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दाहाने आजारी पडला. रस्ते बंद, इस्पितळ दूर, बापाच्या गॅरेजात यंत्रे पुष्कळ, पण बर्फावरून पोराला नेईल असे एकही नाही. मुलगा दगावला.

या दुःखातून हिमगाडी जन्मली, असे सांगण्याची प्रथा आहे. गोष्ट हृदयाला भिडते हे खरे. पण ती पुरती खरी नव्हे. त्याचे प्रयोग त्याआधी बारा वर्षे चालूच होते. शोधाचे बीज आधीच रुजलेले होते. दुःखाने त्या कामाला निकड दिली, इतकेच म्हणणे आम्हांला योग्य वाटते. 1937 साली दातेरी चाक आणि त्यावरून फिरणारा रबरी पट्टा या रचनेचे पेटंट त्याला मिळाले. पुढच्या त्याच्या मोठ्या गाड्यांतून डॉक्टर गेले, टपाल गेले, शाळेची मुले गेली. मग 1948 साली क्वेबेक सरकारने हिवाळ्यातही खेड्यांचे रस्ते साफ ठेवण्याचे ठरविले, आणि या मोठ्या गाड्यांचा खप एकदम घसरला. जनतेची सोय झाली आणि जनतेच्या सोयीसाठी झटणाऱ्या कारखानदाराचे नुकसान झाले. इतिहासाला असले विनोद आवडतात.

1959 साली त्याने एकदोन माणसांपुरती हलकी गाडी बाजारात आणली. कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा ती घेणार, म्हणून तिचे नाव ‘स्की-डॉग’ ठेवायचे होते; ते चुकून ‘स्की-डू’ झाले असे सांगतात. अमेरिकेतही स्वतंत्रपणे खटपटी चालू होत्या. विस्कॉन्सिनमधील कार्ल एलिसन याने 1924 सालीच मोटार लावलेली घसरगाडी तयार केली होती, आणि मिनेसोटातील रोझो गावच्या पोलारिस कारखान्याच्या एडगर हेटीनने 1960 साली आपल्या गाड्या अलास्काच्या रानातून पळवून दाखविल्या. त्यानंतर ही गाडी झपाट्याने पसरली. फिनलंडच्या ईशान्य टोकाला रेनडिअर पाळणारे स्कोल्ट सामी लोक राहतात. त्यांच्यात ती साठीच्या दशकात पोहोचली, आणि दहाएक वर्षांत तिने त्यांचे जीवन उलटेपालटे केले. पर्ट्टी पेल्टो या मानवशास्त्रज्ञाने 1973 साली त्यावर ग्रंथ लिहिला. गाडी, पेट्रोल आणि सुटे भाग यांसाठी रोख पैसा लागू लागला. ज्यांना तो जमला त्यांचे कळप टिकले, बाकीच्या अनेकांना कळप सोडावे लागले. रेनडिअरला चारा रानात फुकट मिळत असे. पेट्रोल तसे मिळत नाही.

आता उष्णतेकडे येऊ. पहिल्या हलक्या गाड्यांची इंजिने लहान होती; वाऱ्याने ती थंड होत. पुढे गाड्यांना जोर हवा झाला. आज दीडशे अश्वशक्तीहून अधिक जोराची इंजिने या गाड्यांत बसविलेली असतात. एवढी उष्णता नुसत्या वाऱ्याने हटेना, तेव्हा 1970 नंतरच्या दशकात इंजिनाभोवती पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण खेळविण्याची पद्धत रूढ होऊ लागली. मोटारीत असे गरम पाणी समोरच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, निवते. हिमगाडीच्या कारागिरांनी निराळी युक्ती काढली. फिरत्या पट्ट्याच्या वर ॲल्युमिनिअमचे लांबट छप्पर असते. त्याच्या आतल्या बाजूला त्यांनी नळ्या बसविल्या. पट्टा फिरू लागला की खालचे बर्फ उधळून या नळ्यांवर आदळते, वितळते आणि उष्णता घेऊन जाते.

युक्ती मोठी नामी! एक किलो बर्फ नुसते वितळवायला जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत शून्य अंशावरचे एक किलो पाणी 80 अंशांपर्यंत तापते. नळ्यांतून 20 किलोवॅट उष्णता काढायची म्हटले तर दर सेकंदाला सुमारे 60 ग्रॅम बर्फ वितळले की पुरे. एक मूठभर म्हणा ना. गाडीखाली मैलोगणती बर्फ पसरलेले असताना सेकंदाला मूठभर बर्फाची चिंता कोण करील?

परंतु ते बर्फ भुसभुशीत असले तरच उधळते. गाड्यांची संख्या वाढली, तसे त्यांच्यासाठी खास मार्ग आखले गेले, आणि ते मार्ग यंत्रांनी दाबून सपाट केले जाऊ लागले. त्यावरून शेकडो गाड्या गेल्या, दुपारच्या उन्हाने वरचा थर विरघळला, रात्री पुन्हा गोठला, की मार्ग फरशीसारखा टणक होतो. गोठलेल्या तळ्यांवरही तीच गत. पट्टा फिरतो, पण उधळायला काही नाही. नळ्या कोरड्या राहतात आणि इंजिन तापू लागते. शिवाय दुसरे एक संकट असते. पट्टा आतून प्लॅस्टिकच्या दोन लांब पट्ट्यांवर घसरत चालतो. आपल्याकडे बैलगाडीच्या आखाला वंगण लागते, तसे या प्लॅस्टिकला बर्फाच्या पाण्याचे वंगण लागते. ते मिळाले नाही तर प्लॅस्टिक घर्षणाने वितळू लागते आणि जळका वास सुटतो. गाव दूर, अंधार लवकर पडणारा आणि थंडी जीवघेणी, अशा ठिकाणी गाडी बंद पडणे ही केवळ गैरसोय नसते.

जुने उपाय दोन होते. थांबून हातांनी किंवा बुटाने बर्फ नळ्यांजवळ ढकलायचे. नाही तर अधूनमधून मार्गाच्या कडेच्या मऊ बर्फात गाडी घालायची. पहिल्या उपायात वेळ जाई. दुसऱ्यात बर्फाखाली दडलेले खुंट, दगड आणि तारेची कुंपणे भेटत. शिवाय कडेची जमीन बहुधा कोणा शेतकऱ्याच्या मालकीची असे.

तेव्हा स्वतःच्या गॅरेजात खटपट करणाऱ्यांनी खरवडणी काढली. कल्पना आपल्या स्वयंपाकघरातील कोणाही बाईला तत्काळ समजेल: दुधाच्या पातेल्याच्या बुडाला चिकटलेली खरवड काढायची तर काहीतरी टोकदार घ्यावे लागते. स्प्रिंगच्या पोलादाची जाड तार, गवत ओढण्याच्या अवजाराचा मोडका दात, पोलादी दोराचा तुकडा, जे हाताशी असेल ते घ्यायचे, एक टोक गाडीच्या पुढच्या पट्टीला किंवा आतल्या रुळाला पक्के करायचे, आणि दुसरे टोक मागे झुकवून बर्फावर टेकवायचे. गाडी धावू लागली की टोक टणक थराला ओरखडा काढते, बर्फाचा भुगा उडतो, आणि फिरता पट्टा तो वर नळ्यांवर फेकतो.

वर्णन सोपे आहे. करणे तितके सोपे नाही. तार फार ताठ ठेवली तर खडकावर आपटून मोडते. फार लवचीक ठेवली तर टणक बर्फावरून नुसतीच घसरत जाते. म्हणून मुळाशी तिला एकदोन वेढे देतात, म्हणजे ती दबते आणि पुन्हा जागेवर येते. साधे पोलाद घासून लवकर बोथट होते. सबब टोकाला कार्बाइडसारख्या अतिकठीण धातुसंयुगाचा तुकडा जोडतात. सर्वांत मोठी अडचण गाडी मागे घेताना येते. मागे झुकलेले टोक तेव्हा बर्फात रुतते, तार उलटी वाकते आणि तुटते, किंवा वर वळून फिरत्या पट्ट्यात शिरते. पोलादी दोराची खरवडणी अशा वेळी मुकाट्याने दुमडते, म्हणून पुष्कळांना तीच पसंत पडते, जरी तिचा ओरखडा जरा उथळ असला तरी. जागेविषयीही मतभेद आहेत. पुढच्या पट्टीला लावलेली खरवडणी भुगा भरपूर उडविते, पण मागून येणाऱ्या गाडीवाल्याला समोरचे दिसेनासे होते; आतल्या रुळाला लावलेली खरवडणी भुगा नेमका पट्ट्याजवळ सोडते. आम्हांला दुसरी अधिक सुज्ञपणाची वाटते.

पुढे कारखानदारांनी ही कल्पना उचलली. आज खरवडण्या दुकानात विकत मिळतात, आणि काही गाड्यांना तर त्या कारखान्यातूनच लावलेल्या येतात. बॉम्बार्डिएच्या पेटंटवर त्याचे नाव आहे. पहिली खरवडणी कोणी वाकविली हे मात्र कोठे नोंदलेले आढळत नाही, आणि बहुधा ती एकाच वेळी अनेक गावांत वाकविली गेली असावी. मऊ बर्फ लागले किंवा डांबरी सडक ओलांडायची वेळ आली, की गाडीवाला खाली उतरतो, टोक उचलून आकड्यात अडकवितो, आणि पलीकडे टणक मार्ग सुरू झाला की पुन्हा खाली सोडतो.