काळी-पिवळीचे कूळ

काळी-पिवळीचे कूळ शोधत गेले की आजोबा ट्रॅक्टर निघतो. यवतमाळहून आर्णी, दारव्हा, घाटंजी, पांढरकवडा अशा वाटांवर सवाऱ्या वाहणाऱ्या डिझेल जीपला मुंबईच्या टॅक्सीचा रंग मिळाला, पण बॉनेटखालचा वंश निराळाच आहे.

जीप मुळात अमेरिकन पलटणीची. १९४७ साली महिंद्राने मुंबईत विलिस जीप जोडायला घेतली, ती पेट्रोलवर चाले. साहेबांच्या दौऱ्याला ते परवडले. सीटमागे चार पैसे सुटावेत म्हणून धावणाऱ्याला कसे परवडणार? १९७०च्या दशकात महिंद्राने जीपला डिझेल इंजिन बसवले, तेही घरचेच. एमडी २३५० नावाचे हे इंजिन इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातले. वेग बेताचा, आवाज दांडगा, पण भार ओढायला तयार. पुढे फ्रान्सच्या प्यूजोचे २११२ सीसीचे इंजिन परवान्यावर आले. पुण्याच्या बजाज टेम्पोने ट्रॅक्सला मर्सिडीजचे ओएम ६१६ लावले. त्याच इंजिनाच्या मर्सिडीज २४० डी गाड्या जर्मनीत टॅक्सी म्हणून फिरत. इकडे त्याचा भाऊबंद फाट्यावर उभा राहून ‘एक सीट, एक सीट’ ओरडणाऱ्याची वाट पाहत असे.

कायद्याच्या लेखी ही कंत्राटी गाडी: एकाने भाड्याने घ्यायची, ठरल्या जागी उतरायचे. वाटेत सीट उचलण्याचा हक्क एसटीचा. प्रत्यक्षात काय चालते ते प्रत्येक थांब्यावरच्या माणसाला ठाऊक होते, आणि मूर्तिजापूरला जाणाऱ्या शकुंतला रेल्वेची संथ चाल पाहिलेल्या जिल्ह्याने त्याबद्दल फारशी तक्रारही केली नाही.

धुराचा हिशेब मात्र उशिरा सुरू झाला. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी वापरातल्या डिझेल गाडीच्या धुराला ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा घातली. गाडी जागेवर उभी करून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, सायलेन्सरच्या तोंडाशी नळी लावायची, आकडा आला की पीयूसीचा कागद. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल. यांत्रिक पंपाला हवेशी देणेघेणे नसते. पाय दाबला की तो डिझेल ढकलतो. पंपाचा स्क्रू जरा फिरवला की चढावर ताकद वाढते आणि मागे काळे ढग उठतात. नोझल झिजले तरी तेच. त्यामुळे चाचणीपुरता पंप कमी करून घ्यायचा आणि कागद हाती पडला की पुन्हा वाढवायचा, ही युक्ती देशभरच्या गॅरेजांत शिकवावी लागली नाही.

नव्या गाड्यांसाठीचे भारत स्टेज (बीएस) नियम जिन्याच्या पायऱ्यांसारखे आले, आणि यवतमाळ बराच काळ खालच्या पायरीवर राहिले. बीएस-२ महानगरांत २००१पर्यंत पोचले, देशभर २००५ साली. बीएस-४ एप्रिल २०१० मध्ये तेरा शहरांत लागू झाले. त्यांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती, विदर्भातले एकही शहर नव्हते. साऱ्या देशात ते पोचायला एप्रिल २०१७ उजाडला. खरी अडचण गाडीपेक्षा तेलाची होती. बीएस-३च्या डिझेलात दशलक्ष भागांत ३५० भाग गंधक चाले, बीएस-४ला ५०, बीएस-६ला फक्त १०. इतके स्वच्छ डिझेल गावोगावच्या पंपावर पोचवायला तेल शुद्धीकरण कारखान्यांना वेळ लागला. तोवर एकाच कंपनीची गाडी पुण्यात एका इंजिनाने आणि वणीत दुसऱ्याने विकली जाऊ शके. मला यात अन्याय दिसतो, आणि सोयही. अन्याय असा की धूर खेड्यातल्या फुफ्फुसाला कमी बाधतो असे कुणीच सिद्ध केलेले नाही. सोय अशी की जुन्या पंपाचे इंजिन पाना-स्क्रूड्रायव्हरवर दुरुस्त होई, आणि तालुक्याच्या मिस्त्रीला लॅपटॉपची गरज पडत नसे.

बीएस-४पासून साधारणपणे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे कॉमन रेल इंजेक्शन आणि सेन्सर आले. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ एकदम साऱ्या देशात लागू झाले, तेव्हा यवतमाळ दिल्ली-मुंबईबरोबरच त्या पायरीवर चढले. जुन्या काळी-पिवळ्या वयाने, फिटनेसने आणि दारोदार पोचलेल्या मोटारसायकलींनी मागे सारल्या.

आजोबाचे खानदान मात्र शेतात टिकून आहे. ट्रॅक्टरांचे धुराचे टप्पे वेगळे. जानेवारी २०२३ मध्ये ५० अश्वशक्तीवरच्यांना कडक टप्पा लागला, तेव्हा त्याखालच्यांना सूट मिळाली. आणि बी-२७५च्या ताकदीचे ट्रॅक्टर त्याखालीच येतात.