गाडी आपली, पत कुणाची?

(वज्रेश्वरी येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस मोटारींवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. माझा प्रश्न इंजिनाचा नाही, ज्ञानाचा आहे. एखादी वस्तू चांगली आहे हे आपल्याला कळतं कसं? आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधनं सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं, विश्वासू माणसाचं सांगणं. आता मोटार घेताना काय होतं बघा. प्रत्यक्ष किती? शोरूमपासून पुढच्या चौकापर्यंत आणि परत, एवढंच. बाकी सगळं शब्दावर. मेहुणा म्हणाला, शेजारी म्हणाला, गॅरेजवाला म्हणाला. घराच्या खालोखाल महागाची खरेदी आपण दुसऱ्याच्या शब्दावर करतो. म्हणून मोटारीचा इतिहास लोखंडाचा जेवढा आहे, तेवढाच तो विश्वासाचा आहे. आणि तो बराचसा महाराष्ट्रात घडला, त्यातला एक तुकडा तर आपल्या ठाणे जिल्ह्यात.

वालचंदांचा हट्ट

१९२८ साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला कारखाना काढला. कारखाना म्हणजे काय, तर परदेशातून सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथले कामगार ते जोडायचे. थोड्याच वर्षांत फोर्डही आली. गाडी इथे बनत नव्हती, इथे फक्त जुळत होती.

हे बदलावं म्हणून दोन माणसांनी जंग जंग पछाडलं. एक मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. इंजिनीअरिंग पुण्यात शिकले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत इथल्या धरणांवर, पाणीपुरवठ्यावर काम केलं. म्हातारपणी, १९३५ मध्ये, ते युरोप-अमेरिकेत कारखाने बघून आले आणि मोटार कारखान्याची योजना तयार केली. बाळासाहेब खेरांचं मुंबई सरकार मदतीला अनुकूल होतं. पण १९३९ मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि ते बारगळलं.

दुसरे सोलापूरचे वालचंद हिराचंद. जहाजं, साखर, विमानं, हा माणूस जिथे ‘हिंदी माणसाला हे जमायचं नाही’ असं ऐकायचा, तिथेच हात घालायचा. मोटारीसाठी फोर्डशी बोलणी फिसकटली. १९४० मध्ये क्रायसलरशी करार झाला. महायुद्ध चालू होतं, सैन्याला वाहनं हवी होती, तरीही सरकारनं या कारखान्याला युद्धकार्यात धरायला नकार दिला. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो. नावं सगळी अमेरिकन.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तेव्हा लोकांच्या मनात देशी गाडीविषयी वाईट मत नव्हतं, कारण देशी गाडीच नव्हती. पाटी कोरी होती. त्या कोऱ्या पाटीवर पुढे काय लिहिलं गेलं, तो आजचा विषय.

भिंत आणि रांग

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवर सरकारनं ठरवलं की जो हळूहळू गाडी इथे *बनवेल*, त्यालाच राहता येईल. नुसती जोडाजोडी बंद. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. मैदानात उरले मुख्यतः तिघे: कोलकात्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली प्रीमियर. प्रीमियरनं इटलीच्या फियाटशी करार केला आणि फियाट अकराशे इथे बनू लागली.

हे धोरण चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. लहान रोपाला कुंपण लागतंच, नाहीतर शेळ्या खातात. आज पुणे-चाकण पट्ट्यात सुटे भाग बनवणारे जे शेकडो कारखाने आहेत, त्यांचं मूळ या कुंपणात आहे. पण रोपाचं झाड झालं की कुंपण काढायचं असतं. ते काढलं नाही. किती गाड्या बनवायच्या ते लायसन्स ठरवणार. १९६९ पासून काही वर्षं किंमतही सरकार ठरवणार, इतकी की गाडीची रास्त किंमत किती यावर कंपन्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. परदेशी गाडी येणार नाही, आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत. नव्या गाडीच्या अधिकृत किमतीपेक्षा वापरलेली गाडी महाग विकली जायची!

आता गिऱ्हाइकाचं बघा. त्याला गाडी नाकारायची सोयच नाही. दार नीट लागत नाही, पाणी गळतं, पण परत करशील तर पुन्हा रांगेच्या शेवटी. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला किंमत नसते. कारखान्याला कोणी नापास करत नव्हतं, त्यामुळे पास होण्याचाही मान त्याला मिळाला नाही. साठच्या दशकातली इटालियन गाडी, जेमतेम अकराशे सीसीचं इंजिन, स्टिअरिंगपाशी गिअर; ती शतक संपेपर्यंत जवळपास तशीच चालू राहिली. सत्तरच्या दशकात फियाटचं नाव उतरवून आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ असं नाव ठेवलं. चितोडच्या राणीचं नाव! पण तुम्ही-आम्ही काय म्हणत राहिलो? फियाट. गाडी बिघडली की मात्र म्हणायचं, ‘प्रीमियरवाल्यांनी वाट लावली.’ गुण इटलीचे, दोष कुर्ल्याचे.

कल्याणचा धडा

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आठशे आली. कंपनी सरकारी, भागीदार जपानची सुझुकी. सुरुवातीला बरेच भाग जपानहून यायचे. पण दार एका हातानं, हलकं, टक् करून लागायचं. लोकांना तेवढं पुरलं. तीस वर्षं मनात साठलेलं अनुमान पक्कं झालं: जिथे जिथे परदेशी हात, तिथे तिथे दर्जा, जिथे जिथे देशी, तिथे तिथे डगडग.

प्रीमियरनं प्रयत्न केले. १९८५ मध्ये निसानचं इंजिन बसवून ११८ एनई काढली. १९९१ नंतर कुंपण मोडू लागलं, तेव्हा फ्रान्सच्या प्यूजोला भागीदार घेऊन आपल्या कल्याणच्या कारखान्यात ३०९ बनवायला घेतली. मग फियाट उनो. तिच्यासाठी लाखांवर लोकांनी आगाऊ पैसे भरले. म्हणजे विश्वास ठेवायला लोक अजूनही तयार होते! पण संप झाले, उत्पादन रखडलं, पैसे भरलेले लोक वाट बघत राहिले. १९९७ च्या सुमारास प्यूजो निघून गेली. शतक बदलता बदलता पद्मिनीही थांबली.

कल्याण-शीळ रस्त्यावर आजही ‘प्रीमियर कॉलनी’, ‘प्रीमियर मैदान’ ही नावं ऐकू येतात. मैदानात सभा होतात. नव्या पिढीला ते नुसतं स्टॉपचं नाव वाटतं. या सभागृहातही असे काही असतील ज्यांच्या घरातलं कोणी तिथे किंवा कुर्ल्याला पाळीवर जात होतं. त्या कामगाराला कारागिरी येत नव्हती असं नाही. त्याच्या हातची पद्मिनी मुंबईच्या पावसात, खड्ड्यांत, टॅक्सी म्हणून वीस-वीस वर्षं धावली. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची मुदत संपली २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, कारखाना बंद पडून दोन दशकं उलटल्यावर. गाडी टिकली, कंपनी टिकली नाही. कारण कंपनी पत्र्यावर टिकत नाही, पतीवर टिकते.

चारशेसात आणि इंडिका

आता दुसरी बाजू. भिवंडीच्या गोदामांबाहेर उभे राहा आणि टेम्पो मोजा. टाटा चारशेसात किती दिसतात! ऐंशीच्या दशकात सरकारनं हलक्या मालवाहू गाड्यांत जपान्यांना दार उघडलं. टोयोटा, मित्सुबिशी, माझदा, निसान, चौघे चार भारतीय भागीदारांबरोबर उतरले. टेल्को संपली असं लोक म्हणू लागले. टेल्कोचा पुण्याचा कारखाना सुमंत मूळगावकरांनी उभा केलेला. आधी शिकाऊ मुलांसाठी प्रशिक्षण केंद्र, हत्यारं बनवायची यंत्रं, माळरानावर झाडं, आणि मग वाहनं, असा त्यांचा क्रम. त्या पायावर १९८६ मध्ये चारशेसात आली आणि जपान्यांना पुरून उरली.

मग १९९८ च्या अखेरीस त्याच कंपनीची इंडिका आली. आराखडा करताना इटलीतल्या संस्थेची मदत घेतली, कारखान्याची यंत्रसामग्री ऑस्ट्रेलियातल्या निसानच्या बंद कारखान्यातून जहाजानं आणली, पण गाडी आपली. लाखाहून जास्त नोंदण्या झाल्या. आणि तक्रारीही आल्या: आवाज, हादरे, सुटे भाग. २००० ते २००१ या वर्षी टेल्कोला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. कंपनीनं तक्रारी ऐकल्या, भाग बदलून दिले आणि २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू काढली. ती चालली.

कंपनी तीच, पुणे तेच. मग चारशेसातला जी शंका कोणी घेतली नाही, ती इंडिकाला का? याचं उत्तर गिऱ्हाइकात आहे. टेम्पो घेणारा हिशेब करतो. टनाला किती, लिटरला किती, बंद पडला तर पडघ्याला पार्ट मिळतो का. त्याला प्रत्यक्षही आहे आणि अनुमानही. कार घेणारा हिशेब करतो, पण त्याच्या डोळ्यांपुढे शेजारी असतो. इथे नवी गाडी घेतली की देवळाच्या पायऱ्यांखाली आणून नारळ फोडतात. गाडी कुठल्या कंपनीची, हे देवी विचारत नाही. शेजारी विचारतो.

आणि यातली खरी गंमत सांगतो. गाडीच्या बाबतीत सर्वांत मोठा आप्त कोण? टॅक्सीवाला. दिवसाला दोनशे किलोमीटर चालवतो, पैसे स्वतःच्या खिशातून जातात. पद्मिनी त्यानं निवडली, इंडिका त्यानं निवडली. तर्काप्रमाणे आपण म्हणायला हवं, की वा, हा घेतो म्हणजे गाडी दणकट. पण मध्यमवर्ग म्हणाला, ‘छे, ती टॅक्सीची गाडी.’ जाणत्याची साक्षच गाडीच्या विरुद्ध पुरावा ठरली!

उलटही झालं. २००३ मध्ये हीच पुण्याची इंडिका इंग्लंडमध्ये ‘सिटीरोव्हर’ नावानं विकायला गेली. वर ब्रिटिश बिल्ला, आत पिंपरी. ती तिथे फारशी चालली नाही, आणि २००५ मध्ये रोव्हर कंपनीच कोसळली. बिल्ल्यानं पत उसनी मिळत नाही, हे तेव्हा दिसलं. पुढे २००८ मध्ये टाटांनी जॅग्वार-लँड रोव्हर विकत घेतली.

स्वस्त हा शब्द

त्याच वर्षी जानेवारीत नॅनो दाखवली. लाखाची गाडी. स्कूटरवर चौघांचं कुटुंब बघून सुचलेली कल्पना, यात काही कमअस्सल नव्हतं. सिंगूरहून कारखाना साणंदला न्यावा लागला, पुढे काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या. पण जास्त मारलं ते ‘जगातली सर्वांत स्वस्त गाडी’ या बिरुदानं. गरिबाला गाडी हवी होती ती आपण गरीब नाही हे दाखवायला, आणि आपण त्याला गरिबीची पावती दिली. २०१८ मध्ये उत्पादन थांबल्यात जमा झालं.

आता कसोटीचा दाखला. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतातल्या पाच छोट्या गाड्या, एअरबॅग नसलेली मॉडेलं, आपटून पाहिली. नॅनोला शून्य तारे. हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण उरलेल्या चार? सुझुकी अल्टो, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो, फोक्सवॅगन पोलो. त्यांनाही शून्य! जपान, कोरिया, अमेरिका, जर्मनी, सगळे नापास. लक्षात राहिली एकटी नॅनो. आणि २०१८ मध्ये पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली टाटा नेक्सॉन, रांजणगावात बनलेली. म्हणजे ‘जिथे देशी तिथे कमी’ ही व्याप्तीच मोडली. तर्कशास्त्रात एक अपवाद पुरतो. समाजात पुरत नाही. तिथे वीस वर्षं लागतात.

मला म्हणायचं आहे ते हे. देशी गाडीविषयीची शंका ही निव्वळ गुलामी मनोवृत्ती नव्हती. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसानं ती अनुभवातून कमावली होती. पण ज्यानं ती निर्माण केली तो वेगळा आणि ज्यानं ती फेडली तो वेगळा. प्रीमियरच्या काळातलं कर्ज इंडिकानं फेडलं. विश्वासाच्या कर्जाला जामीन राहतो तो नेहमी पुढच्या पिढीचा कारागीर.

आज विजेवरच्या गाड्या आल्या आहेत, चीनची स्पर्धा दारात आहे, आणि जकात वाढवा, कुंपण घाला अशी मागणी पुन्हा होते. कुंपण घालायला माझी हरकत नाही. फक्त ते कधी काढणार, ही तारीख त्याच कागदावर लिहा. आणि आपण गिऱ्हाइकांनी? देशी म्हणून डोळे मिटून घेऊ नये, देशी म्हणून नाकही मुरडू नये. परीक्षा घ्यावी. परीक्षा घेणं हा कारागिराचा अपमान नाही, तोच त्याचा मान आहे.

श्रोत्यांचा एक प्रश्न

*मग सर, स्वदेशीचा आग्रह चूक होता का?*

नाही. वालचंदांचा आग्रह होता की आम्हाला बनवू द्या. तो न्याय्यच होता. पुढे त्याचा अर्थ झाला की आमचंच घ्या. पहिली मागणी सरकारकडे होती, दुसरी सक्ती गिऱ्हाइकावर झाली. या दोहोंतला फरक कळला की बरंच कळलं.