धुवणातील धन

गुऱ्हाळात काहिलीजवळ बसलेल्याला पाणी आटवण्याची किंमत सांगावी लागत नाही. साखर थोडी, पाणी फार. आणि जळण खपते ते पाण्यापायी. कापडधंद्यातील एका पेचाचे उत्तर उसाच्या याच रसाने दिले.

लँकेशायरमधील कापडछपाईचा जाणकार जॉन मर्सर याने १८४४ मध्ये तीव्र कॉस्टिक सोडा सुती कापडातून गाळून पाहिला. कापड आकसले, परंतु ते दाट व बळकट झाले आणि रंगही अधिक घेऊ लागले. १८५० मध्ये त्याने पेटंट घेतले. तथापि आकसणारे कापड व महाग सोडा यांमुळे कारखानदार बिचकले. मर्सर १८६६ मध्ये वारला. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने कापड ताणून धरले, तेव्हा त्यावर रेशमी झळाळी आली आणि धंदा उभा राहिला.

परंतु कापडातील सोडा धुवून काढावाच लागतो. ते धुवण नदीत सोडावे, तर जलचर मरतात आणि धनही वाहून जाते. शेकडा ५ भाग सोड्याचे १०० किलो धुवण शेकडा २५ भागांपर्यंत आणावयाचे, तर ८० किलो पाणी आटवावे लागते. एकाच काहिलीत हे केल्यास वाफही जवळजवळ तितकीच लागते.

यावरील तोड न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलियूने आधीच काढली होती. तो स्वतंत्र नागरिक होता, पण कृष्णवर्णीय मातेचा पुत्र. गोऱ्यांचे हक्क त्याला नव्हते. तेथील साखरघरांत गुलाम उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतीत. पॅरिसमध्ये शिकलेल्या रिलियूने १८४३ व १८४६ मध्ये पेटंटे घेऊन बंद पात्रांची मालिका सिद्ध केली. पहिल्या पात्रातील वाफ दुसऱ्यास तापवी. दुसऱ्यातील हवेचा दाब कमी ठेवल्याने तेथील रस कमी उष्णतेवरही उकळे. तीन पात्रे जोडली की वाफेचा खर्च सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर येतो. हीच मांडणी पुढे सोड्याच्या धुवणासाठी वापरात आली.

सरकारी दप्तरात वावरणाऱ्या मला यातून एक गोष्ट उमजते. जमाखर्च जुळला की गिरणी आपण होऊन नदीला वाचवते. मात्र जेथे सोडा परत मिळविण्यापेक्षा नवा घेणे स्वस्त पडते, तेथे नदीची बाजू हिशेबाच्या वहीत कोणीच मांडीत नाही. ती कायद्यालाच मांडावी लागते.