पुलाचं गाव

पुलगावचं नावच त्याच्या घडणीची खूण सांगतं. वर्धा नदीवर रेल्वेचा पूल उभा राहिला आणि त्याच्या अलीकडे हे गाव वाढलं. 1867 मध्ये मुंबईकडून आलेली रेल्वे नागपूरला पोचली. पलीकडे वऱ्हाडचा कापूस, अलीकडे आर्वीचा, आणि मध्ये स्टेशन. अशा जागी सरकी काढणारे जिन, गाठी बांधणारे प्रेस आणि अखेर कापसाची गिरणी येणं ओघानंच आलं.

1917 मध्ये पुलगाव–आर्वी ही 35 किलोमीटरची अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली. लोक तिला प्रेमानं ‘शकुंतला’ म्हणत. आर्वीकडचा माल पुलगावात उतरवून मोठ्या गाडीत चढवावा लागे. रुळांची रुंदी बदलणाऱ्या या जागेनं हमाल, अडते, हॉटेलवाले अशा कितीतरी लोकांना पोसलं. मात्र हा सारा पसारा एकाच पिकावर उभा होता. पुढं शकुंतला थांबली, गिरणीही बंद पडली.

तरी पुलगाव ओस पडलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथं लष्कराचा दारूगोळा डेपो आला होता. मोकळी जमीन आणि देशाच्या मध्यातून जाणारी रेल्वे, दोन्ही हाताशी होती. कापसानं दगा दिला, तरी या डेपोचा पगार बाजारात खेळत राहिला.

या डेपोची किंमतही गावानं पाहिली आहे. 31 मे 2016 च्या पहाटे डेपोत आग लागली. लष्करी अधिकारी आणि अग्निशमन दलाचे जवान त्यात गेले. आसपासच्या खेड्यांतली माणसं अंधारातच घरं सोडून निघाली.