तारेचा सातबारा

डार्मश्टाटमध्ये खोली मिळाली, आनमेल्डुंग झालं, गादी आली, आणि तुम्ही इंटरनेटचा अर्ज भरायला बसलात. नाव, पत्ता, आयबान. पुढे एक विचित्र रकाना येतो: आधीच्या भाडेकरूचं नाव. त्याखाली, घर कितव्या मजल्यावर, डावीकडे की उजवीकडे. तुम्हाला वाटतं, इथे आधी म्यूलर राहत होते की श्मिट, वायरला काय फरक पडतो?

वायरला पडत नाही, वहीला पडतो. तांब्याच्या टेलिफोन जाळ्यात प्रत्येक ग्राहकाला दोन तारांची एक जोडी मिळते. ती एक्स्चेंजमधल्या मोठ्या फ्रेमवरून निघते, रस्त्याकडेच्या करड्या पेटीत दुसऱ्या केबलच्या जोडीला जोडली जाते, मग इमारतीच्या तळघरातल्या डब्यात आणि तिथून तुमच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये. वाटेत सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या जोड्या. कोणती कुणाची हे नुसतं बघून कळत नाही, ते कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. आणि तुमच्या खोलीची जोडी लिहिलेली असते तिथल्या शेवटच्या ग्राहकाच्या नावावर. म्यूलर सापडले की जोडी सापडली. नाही सापडले, तर तळघरात माणूस पाठवायचा, आणि तो येईपर्यंत तुम्ही मोबाइलच्या डेटावर.

गावाकडचं काही आठवलं ना? सातबारा. जमीन जागच्या जागी असते, पण ती कुणाची हे तलाठ्याच्या दप्तरात असतं. विकली, वाटणी झाली, कुणी वारलं, की फेरफार नोंदवायचा. राहिला, तर पुढच्या पिढीत भावकीचं भांडण. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं (१९६६) कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी नवी नोंद होईपर्यंत, खरी मानायची. हे वाक्य लक्षात ठेवा. इंटरनेट कंपनी आपल्या जाळ्याची नोंद कशात ठेवायची हे ठरवते, तेव्हा तिलाही हेच ठरवावं लागतं: कागद आणि जागा जुळले नाहीत, तर खरं कोण?

डार्मश्टाट या प्रश्नासाठी चांगलं गाव आहे. १९४९ पासून इथे बुंडेसपोस्टचं दूरसंचार-तांत्रिक केंद्रीय कार्यालय होतं, एफटीझेड. पश्चिम जर्मनीत टेलिफोनच्या जाळ्याला काय जोडायचं आणि कसं, याचे नियम इथे लिहिले जात. परवानगी मिळालेल्या उपकरणावर एफटीझेड क्रमांक असे. तो नसलेलं उपकरण लाइनला जोडणं बेकायदा होतं. (म्हणूनच १९८०च्या दशकात केऑस कॉम्प्युटर क्लबनं नळजोडणीच्या रबरी भागांतून घरगुती मोडेम बनवला आणि नाव ठेवलं 'डाटेनक्लो', डेटाचा संडास.) त्या कार्यालयाच्या नियमांना १टीआर असे क्रमांक असत. १९८९ मध्ये जर्मनीत सुरू झालेलं आयएसडीएन १टीआर६ वर चालायचं. बुंडेसपोस्ट गेली, तरी आजही डॉइच टेलिकॉमच्या डीएसएल लाइनचा नियम १टीआर११२ आहे आणि इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनचा १टीआर११४. कार्यालय बंद होतं, त्याची क्रमांक घालायची सवय उरते.

आता याच काळातली मुंबई किंवा पुणे डोळ्यांसमोर आणा. शब्द वेगळे: एमडीएफ, पिलर, डीपी, जोड. रजिस्टरं आपल्याकडेही होती, पण पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरलं की लाइनमन चालू असलेल्या दुसऱ्या जोडीवर तुमचा फोन फिरवून द्यायचा, आणि तो बदल रजिस्टरपर्यंत पोचेलच असं नसे. तो राहायचा लाइनमनच्या डोक्यात. दिवाळीला त्याला पोस्त का मिळायची, हे आजीला विचारा. ही व्यवस्था हसण्यासारखी नव्हती. डोक्यातली नोंद ताजी असते आणि जागेशी जुळते. अडचण एवढीच की लाइनमन रिटायर झाला की ती त्याच्याबरोबर घरी जाते.

कागदावर विसंबण्याचीही किंमत असते, आणि ती जर्मनीतल्या घरांनी मोजली. डीएसएल आलं तेव्हा कुणाला किती वेग द्यायचा हे टेलिकॉम लाइनच्या नोंदींवरून ठरवायची. कोंटेस-ओर्का नावाच्या डेटाबेसमध्ये केबलची लांबी आणि तारेची जाडी असे, त्यावरून सिग्नल वाटेत किती क्षीण होईल याचा हिशोब निघे आणि त्या आकड्यावर वेगाची मर्यादा लागे. नोंदीत लाइन लांब असेल, तर तुम्हाला 'डीएसएल लाइट', मग प्रत्यक्षातली तार जास्त वेग पेलणारी का असेना. कलम १५७ सारखंच, फक्त उलट सिद्ध करायची सोय ग्राहकाच्या हातात नाही. कंपनीची बाजूही समजण्यासारखी आहे: लाखो लाइन एकेक करून मोजणार कोण? पण ज्या वह्या दुरुस्तीसाठी भरल्या गेल्या, त्या आता हक्क ठरवत होत्या. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. नोंद एका कामासाठी ठेवतात आणि ती दुसऱ्याच कामाला जुंपली जाते.

इंटरनेटच्या स्वतःच्या इतिहासातही अशी एक वही आहे. अमेरिकेत अर्पानेटवरच्या सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते होस्ट्‌स डॉट टीएक्सटी या एकाच फाइलमध्ये असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधला एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवीन संगणक आला की त्यांना कळवायचं, आणि सगळ्यांनी फाइलची ताजी प्रत उतरवून घ्यायची. जाळं वाढलं तशी ही फाइल पुरेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली: ज्याचा संगणक, त्यानंच आपली नोंद ठेवायची, केंद्रानं फक्त कुणाला विचारायचं एवढं सांगायचं. एकाच तलाठ्याचं दप्तर मोडून प्रत्येक वाडीला आपापली वही दिली म्हणा ना.

आज छोट्या इंटरनेट कंपनीपुढे पर्याय भरपूर आहेत. बहुतेकींची सुरुवात एक्सेलच्या फाइलपासून होते, आणि लवकरच तिच्या 'फायनल', 'फायनल २' अशा प्रती फिरू लागतात. केबल नेमकी कुठून जाते यासाठी नकाशा लागतो. कोणत्या पोर्टला काय जोडलंय, कोणता आयपी पत्ता कुणाला दिलाय यासाठी डेटाबेस. दुसऱ्या कामासाठी नेटबॉक्स खूप वापरला जातो. जेरेमी स्ट्रेच यांनी डिजिटलओशनमध्ये असताना तो बनवला आणि २०१६ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्याची भूमिका ठाम आहे: जाळं कसं असायला हवं हे इथे लिहा, ते आत्ता कसं आहे हे नाही. उपकरणांकडून आपोआप आलेली माहिती तशीच नोंदीत ओतली, तर रात्री कुणी घाईत लावलेली चुकीची केबलही 'खरी' ठरेल. पण हे चालायला कुणीतरी फरक शोधून दुरुस्त करावा लागतो, आणि छोट्या कंपनीत तो 'कुणीतरी' म्हणजे रात्रपाळीचा एकटा माणूस. म्हणून मला विचाराल तर निवडीची खरी कसोटी ही: तो माणूस पहाटे काम संपवून, थकलेला असताना, तिथे नोंद करेल का?

आणि जमिनीखालचं काय? १४ फेब्रुवारी २०२३ ला, डार्मश्टाटपासून ट्रेननं अर्ध्या तासाच्याही आत असलेल्या फ्रँकफर्टमध्ये, रेल्वेच्या बांधकामात ड्रिलनं सुमारे ५ मीटर खोल टेलिकॉमच्या फायबर केबल तोडल्या. दुसऱ्या दिवशी लुफ्तान्साची यंत्रणा कोलमडली, फ्रँकफर्टची २००हून अधिक उड्डाणं रद्द झाली. एवढ्या खोलीवर डोळ्यांचा उपयोग नसतो, असतो तो नकाशा. दोन वेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या दोन लाइन एकाच चरातून जातात का, हेही फक्त नकाशालाच माहीत. त्याच वर्षी २२ मार्चला भारत सरकारनं 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप आणलं: खोदणाऱ्यानं जागा कळवायची, तिथे ज्यांच्या केबल किंवा पाइप आहेत त्यांना निरोप जातो. बेफाम खोदाईनं देशाचं वर्षाला सुमारे ३००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं सरकारनं तेव्हा सांगितलं. अर्थात आपली केबल तिथे आहे हे मालकालाच माहीत नसेल, तर निरोप जाणार कुणाला?

तर तो रकाना. घरमालकाला विचारा, जुन्या पोस्टबॉक्सवरची चिठ्ठी बघा, फायबर असेल तर भिंतीवरच्या डब्यावरचा होम-आयडी टिपून घ्या. आणि खोली सोडताना तो क्रमांक आणि आपलं नाव पुढच्या माणसासाठी लिहून ठेवा, स्पेलिंगसकट. कुलकर्णी जर्मन नोंदीत तीन-चार प्रकारे लिहिलेलं सापडू शकतं.