पुण्याची रिळं हेग्गोडूला गेली, त्याची गोष्ट

हल्ली महिन्याआड एक फोटो दिसतो. मागे फ्लेक्स, टेबलावर दोन छोटे झेंडे, हातात फाइल धरून हसणारी माणसं. कुठल्यातरी परदेशी संस्थेशी 'सामंजस्य करार' झालाय आणि आता आपल्या पोरांना सिनेमाचं आंतरराष्ट्रीय शिक्षण मिळणार आहे. विषय आवडीचा म्हणून मी अशा बातम्या शेवटपर्यंत वाचतो. शोधतो एवढंच की शिकवायला कोण येणार, किती दिवस राहणार आणि मागे काय ठेवून जाणार. बहुतेक वेळा ते सापडत नाही.

हे आपल्याकडे एकदा नीट झालेलं आहे. तेही पुण्यातून. म्हणून आज जरा जुनं सांगतो.

१९५५ च्या सुमारास मारी सीटन नावाची एक ब्रिटिश बाई भारतात आली. रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइनचं चरित्र लिहिलेली. केंद्राच्या शिक्षण खात्याच्या निमंत्रणावरून आली आणि चित्रपट कसा पाहावा यावर गावोगाव व्याख्यानं देत फिरली. लक्षात घ्या, निमंत्रण शिक्षण खात्याचं होतं. सिनेमा म्हणजे पोरं बिघडवणारी वस्तू असं घराघरांत मानलं जायचं, त्या काळात! बाई आल्या, भाषण दिलं आणि गेल्या, असंही झालं नाही. त्या पुन्हा पुन्हा येत राहिल्या, फिल्म सोसायट्यांच्या चळवळीला हातभार लावला आणि पुढे सत्यजित राय यांच्यावर पुस्तक लिहिलं.

तिकडे आपल्या स. का. पाटलांच्या चौकशी समितीने १९५१ मध्येच सरकारला सांगून ठेवलं होतं की देशात चित्रपट शिकवणारी संस्था हवी. सरकारी कारभाराच्या गतीने ती १९६० साली निघाली, बंद पडलेल्या प्रभात स्टुडिओच्या जागेत. पहिले प्रमुख आपले गजानन जागीरदार, 'रामशास्त्री'वाले. ज्या आवारात 'संत तुकाराम' झाला तिथे आता देशभरातली पोरं कॅमेरा शिकायला लागली. पुढे बांगलादेशातूनही आली. सय्यद सलाहुद्दीन झाकी, बादल रहमान हे तिथले दिग्दर्शक पुण्यात शिकलेले. म्हणजे आपण फक्त घेणारेच नव्हतो.

माझ्या दृष्टीने खरी गंमत मात्र दोन माणसांची आहे. एक सतीश बहादूर. मूळचे आग्र्याला अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, फिल्म सोसायटी चालवायचे. १९६३ मध्ये ते पुण्याच्या संस्थेत चित्रपट रसास्वाद शिकवायला आले. दुसरे पी. के. नायर. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं, ते या माणसाने अक्षरशः डबा डबा गोळा करून उभं केलं. फाळक्यांच्या चित्रपटांचं जे काही आज आपल्याला पाहायला मिळतं, त्यात नायरांचा वाटा मोठा आहे.

१९६९ मध्ये हे संग्रहालय 'फियाफ'चं, म्हणजे जगभरच्या चित्रपट संग्रहालयांच्या महासंघाचं सदस्य झालं. ऐकायला कोरडं वाटतं, पण परिणाम फार मोठा. देशोदेशीची संग्रहालयं आता आपल्याशी प्रिंटची देवाणघेवाण करू शकत होती. त्या काळात कुरोसावाचा 'राशोमोन' पाहायचा तर त्याची प्रिंटच लागायची. यूट्यूब नव्हतं, सीडी नव्हती. एकतर वकिलातीकडून रीळ मागवा, नाहीतर नायरांकडे जा. पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, रशिया यांच्या वकिलातींनी दिलेल्या रिळांवर आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांची एक पिढी वाढली. त्यात त्या देशांचा प्रचाराचा हेतू होता, तो होताच. पण कार्यक्रम संपला तरी डोक्यात सिनेमा राहायचा.

आता हेग्गोडू. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातलं, सागर तालुक्यातलं, सुपारीच्या बागांचं छोटं गाव. तिथे के. व्ही. सुब्बण्णा नावाचे लेखक राहायचे. त्यांची 'नीनासम' ही नाटकवाली संस्था १९४९ पासूनची. १९७३ मध्ये त्यांनी तिथेच फिल्म सोसायटी काढली. खेड्यात! आणि मग पुण्याहून नायरांची रिळं आणि स्वतः बहादूर तिथे जायला लागले. शेतकरी, शाळामास्तर, कॉलेजची पोरं बसून 'बायसिकल थीव्हज', 'राशोमोन', 'पथेर पांचाली' बघायची आणि चर्चा करायची. चर्चा कन्नडमध्ये. नायरांवर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी 'सेल्युलॉइड मॅन' नावाचा माहितीपट केलाय, त्यात हेग्गोडूची साधी माणसं त्या सिनेमांच्या आठवणी सांगतात. जमलं तर बघाच.

मग १९८३ ते ८५ या काळात अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनने नीनासमला पैसे दिले. 'जनस्पंदन' नावाचा उपक्रम, नाटक आणि सिनेमाची शिबिरं घेऊन कर्नाटकातल्या खेड्यापाड्यांत जायचं. माझा मुद्दा इथे आहे. पैसे अमेरिकेचे, सिनेमे इटलीचे आणि जपानचे, रिळं पुण्याची, शिक्षक आग्र्याचा, पण कार्यक्रम ठरवणारा माणूस गावातला आणि भाषा गावातली. आणि पैसे यायच्या आधी दहा वर्षं तिथे काम चालू होतं. म्हणून पैसे संपल्यावर नीनासम संपली नाही. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे मिळाला.

मला थोडा राग येतो तो यावर. रिळं आपल्या पुण्यात. शिक्षक आपल्या पुण्यात. आणि आपल्या जिल्ह्याच्या गावातल्या पोराला काय मिळालं? पुण्याचा उन्हाळी रसास्वाद अभ्यासक्रम नावाजलेला, पण बराच काळ कारभार इंग्रजीत. प्रभात चित्र मंडळ (१९६८ पासून), पुण्याचा आशय फिल्म क्लब यांनी फार केलं, मराठीतून रसास्वादाचं कामही झालं, ते नाकारत नाही. पण ते बहुतेक मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात. आपल्याकडे खेडोपाडी नाटकवेडी माणसं कमी नव्हती. त्यांच्या दारात ही रिळं हेग्गोडूसारखी वर्षानुवर्षं का गेली नाहीत, हे कुणीतरी अभ्यासायला हवं.

'आता मोबाइलवर सगळं आहे, रिळं कशाला?' असं कुणी म्हणेल. सिनेमे आहेत, खरंय. पण 'राशोमोन' लावून दिला आणि सोबत बोलायला कोणी नसलं तर पोरगं वीस मिनिटांत दुसरीकडे जातं. त्यात पोराचा दोष नाही.

अलीकडचं एक चांगलं उदाहरणही सांगतो. २०१५ मध्ये मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जुन्या फिल्म जतन करायची कार्यशाळा घेतली. सोबत फियाफ, मार्टिन स्कॉर्सेसींचं फिल्म फाउंडेशन आणि इटलीतल्या बोलोन्याचे तज्ज्ञ. फाटलेली फिल्म हाताने कशी सांधायची, कशी साफ करायची, हे बाहेरच्या तज्ज्ञांनी इथे येऊन आपल्या तरुणांना शिकवलं. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून आपण काय गमावलं ते आठवा, म्हणजे हे शिक्षण किती उशिरा आलं ते कळेल. २०१६ ची कार्यशाळा पुण्यातच झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये नायर गेले. पुढे ती चेन्नई, कोलकाता, हैदराबाद अशी फिरली.

तर पुढच्या वेळी आपल्या भागात असा करार झाल्याचा फोटो दिसला की तिघांना विचारा. विद्यापीठाला: शिक्षक कोण आणि किती दिवस? परदेशी संस्थेला: शिकवणं मराठीतून होईल का? आणि आपल्या पुढाऱ्यांना: पैसे थांबल्यावर वर्ग कोण चालवणार?

आणि एक विनंती. तुमच्या गावात कधीकाळी फिल्म सोसायटी होती का? १६ एमएमचा प्रोजेक्टर कॉलेजच्या, शाळेच्या माळ्यावर पडलाय का? कुणी चालवायचं, कुठले सिनेमे यायचे? गावाच्या नावासकट लिहा. मी यादी करतोय.