शनवार तेली आणि यिदिश शिंपी

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने मागे वळून पाहताना आरंभीची एक गोष्ट सहज विसरली जाते. अशा संस्था प्रथम उभ्या राहतात त्या सामान्य माणसाच्या वर्गणीवर. अनुदान व इमारत या पुढच्या गोष्टी. पांढुर्णा-सौसरच्या वाचकाला याचे मोल निराळे सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूरसह विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यातील हे दोन मराठी तालुके नव्या मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली दोन्ही मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तरी कचेरीची भाषा एक आणि माजघराची दुसरी ही स्थिती कायम आहे. राजसत्तेचा आधार नसलेली भाषा कशावर जगते, हा प्रश्न म्हणूनच आपल्या घरचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी या लेखात दोन ज्यू समाजांच्या इतिहासाकडे पाहावयाचे आहे. त्यांपैकी एक समाज यिदिश बोलणारा होता. दुसरा आपल्याप्रमाणेच मराठी.

यिदिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची बोली. तिचा पाया जर्मन, लिपी हिब्रू, आणि शब्दसंपत्तीत हिब्रूबरोबरच पोलिश-रशियन भाषांची भर. पंडित तिला ‘अपभ्रष्ट’ म्हणून हिणवीत. बोलणारे मात्र तिला ‘मामे-लोशन’ म्हणत. या शब्दाचा अर्थ अक्षरशः ‘मायबोली’. १८८१ नंतर रशियातील दंगली आणि दारिद्र्य यांना कंटाळून सुमारे वीस लाख ज्यू अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील कोंदट चाळींत आणि शिलाईच्या कारखान्यांत त्यांचे आयुष्य सुरू झाले. २५ मार्च १९११ रोजी तेथील ट्रँगल कारखान्याला आग लागली. बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. १४६ कामगार मरण पावले. त्यांत ज्यू आणि इटालियन तरुण मुलींचा भरणा होता.

अशा जीवनात परस्पर साहाय्य हा उपकार नव्हता, ती गरज होती. एकाच गावाहून आलेल्या लोकांनी ‘लांड्समनशाफ्ट’, म्हणजे गाववाल्यांची मंडळे, काढली. सभासदांच्या लहानशा वर्गणीतून आजाऱ्याला मदत, अडलेल्याला कर्ज, आणि परक्या भूमीत मृतासाठी दफनाची जागा एवढी सोय होई. १८९२ साली काही कामगारांनी ‘अर्बेटर रिंग’ ही संस्था सुरू केली आणि १९०० मध्ये तिला देशव्यापी रूप आले. आजारपणाच्या मदतीपासून आरंभ करून तिने व्याख्याने आणि पुढे मुलांसाठी यिदिश शाळाही चालविल्या. १८९७ मध्ये ‘फोरव्हर्ट्स’ हे दैनिक निघाले. १९०६ पासून त्यातील एका सदरात वाचक आपली गाऱ्हाणी पाठवीत आणि संपादक घरातील वडीलधाऱ्याप्रमाणे सल्ला देत. ज्या हातांनी दफनाचा निधी जमविला, त्याच हातांनी भाषेचाही संसार मांडला.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील बेने इस्रायल समाज मराठी बोलणारा. नवगावजवळ जहाज फुटून सात जोडपी वाचली, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद, यामुळे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. केहिमकर, राजपूरकर, दिवेकर, पेणकर ही त्यांची आडनावे कोकणातल्या गावांची साक्ष देतात. अठराव्या शतकापासून ही मंडळी मुंबईत येऊ लागली आणि गवंडी, सुतार, शिपाई, कारकून झाली. १७९६ साली कंपनीच्या पलटणीतील सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. टिपूच्या कैदेतून सुटल्यास ते बांधीन, असा त्यांचा नवस होता, असे सांगतात. या मंदिराच्या कारभारात हिब्रू ‘गब्बाई’च्या शेजारी ‘मुकादम’ आणि ‘चौगुला’ बसत. शहरात आलेल्या मजुराने आपल्या खेड्याची रचनाच बरोबर आणली होती.

न्यूयॉर्कप्रमाणे येथेही निधी, शाळा आणि शब्द ही तिन्ही कार्ये एकत्र चालली. १८४६ मध्ये वल्हांडण सणाची पोथी हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर अशा जोडरूपात मुंबईत शिळाछापावर निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हैम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली इस्रायली शाळा काढली, आणि १९१३ मध्ये स्त्रियांनी आपले स्त्रीमंडळ स्थापिले. यांपैकी सर्वांत हृद्य प्रकार म्हणजे कीर्तन. हिंदू हरिदासांची कीर्तने ऐकून बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८० साली आपल्या समाजात कीर्तन सुरू केले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे ओवी-साकी-दिंडीत गाइली जाऊ लागली. हिब्रू न येणाऱ्या बायाबापड्यांना आपला धर्म मराठीतून उमगला.

या दोन प्रवाहांना जोडणारा एक दुवा उल्लेखनीय आहे. केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेला बेने इस्रायलांचा इतिहास चाळीस वर्षे अप्रकाशित राहिला. १९३७ साली तो तेल अवीव येथे छापून निघाला तो इमॅन्युएल ओल्सव्हँगर यांच्या खटपटीने. पोलंडमध्ये जन्मलेला हा विद्वान यिदिश लोककथांचा संग्राहक होता, संस्कृतज्ञही होता. गीतेचे हिब्रू भाषांतर त्याच्या नावावर आहे. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका यिदिश कथासंग्रहाचे नाव ‘लाल संत्री’ असे आहे. संत्र्यांच्या मुलखातील वाचकाला त्याचे कौतुक वाटेल.

पुढचा इतिहास मात्र क्लेशकारक आहे. नाझींनी साठ लाख ज्यूंची हत्या केली. त्यांतील बहुसंख्य यिदिशभाषक होते. अमेरिकेत जीव वाचला, पण मुले इंग्रजी शाळेत गेली आणि भाषा आजी-आजोबांपुरती उरली. १९७८ साली आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या भाषेचा वाचकवर्ग ओसरत चालला होता. १९४८ नंतर बेने इस्रायलही मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. त्यांतील कित्येक बीरशेबा, दिमोना यांसारख्या दक्षिणेकडील गावांत कामगार म्हणून वसले. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत शंका उपस्थित करून त्यांची वंशावळ तपासण्याची अट घातली. ज्यू म्हणून देश सोडून आलेल्या माणसाला तू ज्यू आहेस काय, असे विचारले गेले! या समाजाने धरणे धरले, निदर्शने केली. भारतात पाहिलेला सत्याग्रह तेथे उपयोगी पडला. ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला आणि धर्मपीठाला ती अट मागे घ्यावी लागली.

लढा जिंकला, परंतु भाषेचा प्रश्न उरला. नव्या राष्ट्राने हिब्रूला अग्रस्थान दिले. प्रारंभीच्या वर्षांत यिदिश नाटके आणि दैनिके यांवरही बंधने आली. मामे-लोशन आणि मराठी या दोघी एकाच देशात एकाच अवस्थेला पोहोचल्या. तरीही तेथील मराठी मंडळींनी एक त्रैमासिक काढले. त्याचे नाव ‘मायबोली’.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. वर्गणीने भाषेला घर मिळते. पण त्या घरात मुले आली नाहीत तर ते केवळ स्मारक होते. यिदिशजवळ दैनिके, नाटकगृहे आणि नोबेल पारितोषिक होते. नातवंडे मात्र दुसऱ्या भाषेत वाचू लागली होती. आपल्या ग्रंथालयाने शंभर वर्षे मराठी पुस्तके सांभाळली, हे ऋण मोठे आहे. ते फेडण्याचा मार्ग एकच. हिंदी शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलाचे बोट धरून त्याला येथे आणावे, आणि पहिले मराठी पुस्तक त्याच्या नावावर नोंदवून घ्यावे.